फाइन आर्ट्स सोडून बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत आहे काय?

तुम्ही विचारलंय, बडोद्याची एम. एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटी सयाजीराव महाराजांनीच काढली ना, फाइन आर्ट्स सोडून तिथं नाव घेण्यासारखं काय आहे, आणि मुलीला तिथं पाठवावं का.

पहिल्याचं उत्तर, नाही. महाराज 1939 मध्ये गेले. युनिव्हर्सिटी 30 एप्रिल 1949 ची, आणि लगेच 1 मेला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. इच्छा आजोबांची, ती पुरी केली नातवानं, प्रतापसिंहरावांनी. महाराजांनी उभं केलं होतं ते 1881 चं बडोदा कॉलेज, 1886 ची गायनशाळा, 1890 चं कलाभवन. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले, अरविंद घोष कॉलेजात शिकवायचे. आर्ट्स फॅकल्टीच्या ज्या घुमटाचे फोटो सगळे काढतात, तो त्या जुन्या कॉलेजचाच.

दुसरा प्रश्न मात्र मला लागला. "फाइन आर्ट्स सोडून काय" हे मी चाळीस वर्षं ऐकतेय. फाइन आर्ट्स मोठीच आहे. बेंद्रे, सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, यातल्या कुणाही चित्रकाराचं नाव घ्या. त्यांच्याबद्दल सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी होम सायन्सची.

आमचं घर दांडिया बाजारात. बारावीचा निकाल लागला तेव्हा मामा पुण्याहून आले होते. मी होम सायन्सचा फॉर्म आणलाय म्हटल्यावर पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "स्वयंपाकाची पदवी? तो तर ताई घरी शिकवेल, फुकट." आई काही बोलली नाही. बाबांनी फॉर्मवर सही केली, तीसुद्धा मामा दुपारी झोपल्यावर.

पहिल्या वर्षी आम्हाला रसायनशास्त्र होतं, शरीरशास्त्र होतं, पुढे संख्याशास्त्र आलं. फॅकल्टीच्याच चेतन बालवाडीत कोपऱ्यात बसून एकाच मुलाकडे तासभर बघायचं आणि तो काय करतो तेवढंच लिहायचं, आपलं मत लिहायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. "रुसला" लिहिलं की बाई खोडायच्या. "पाठ फिरवून बसला" असं लिहायचं.

तिसऱ्या वर्षी एका वस्तीत सर्व्हेला गेलो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या दंडाला गुंडाळायची तिरंगी पट्टी जवळ होती. साडेतेरा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेबारापर्यंत पिवळा, त्याखाली लाल, म्हणजे मूल कुपोषित. दोन वर्षांचा एक मुलगा आईच्या मांडीवर बसून माझं पेन ओढत होता. पट्टी लालवर आली. मी चुकले असेन म्हणून पुन्हा लावली. पुन्हा लाल. आई म्हणाली, "खातो की, दोन्ही वेळा डाळभात खातो." आम्ही मापाच्या वाट्या घेऊन गेलो होतो. काल किती दिलं ते वाटीत दाखवा म्हटलं, तर तिनं पाणी ओतून दाखवलं. डाळ म्हणजे डाळीवरचं पाणी होतं. ती खोटं बोलत नव्हती. ती वाटी हातात दिली नसती, तर आम्ही वहीत "डाळ, दोन वेळा" असं लिहून परत आलो असतो.

त्या दिवाळीत मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढं कळायला युनिव्हर्सिटी कशाला हवी?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देते. तीन पिढ्या त्या घरात डाळ शिजत होती, कुणाला कळलं नव्हतं. म्हणून हवी.

ही फॅकल्टी कुणाच्या हट्टानं उभी राहिली तेही ऐका. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मुलंमुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या देशातल्या पहिल्या महिला कुलगुरू. त्या संविधान सभेत होत्या, आणि 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीनं राष्ट्रध्वज त्यांनीच सभेला अर्पण केला. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून "सर्व माणसं" करायला लावलं ते यांनीच. एवढ्या बाईनं नव्या युनिव्हर्सिटीत होम सायन्स आणलं, ते पुऱ्या लाटायला नव्हे. घरातलं काम अभ्यासाच्या लायकीचं आहे असं त्यांना वाटत होतं. फॅकल्टीचं नाव आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस केलंय. मला जुनं नाव आवडायचं, पण नावामुळे मामांसारखी माणसं गप्प बसत असतील तर बरंच झालं.

बाकी ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, जुन्या ग्रंथांवर आणि हस्तलिखितांवर काम करणारी. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथंच तयार झाली, अनेक हस्तलिखितं ताडून. मराठी विभाग आहे. नोबेल मिळालेले वेंकटरामन रामकृष्णन इथूनच 1971 मध्ये फिजिक्सचे बी.एस्सी. झाले. हे "नाव घेण्यासारखं" मध्ये बसत असेल तर बसवा.

मुलीचं म्हणाल, तर तिला कशात रस आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही. चित्रं काढत असेल तर फाइन आर्ट्सला जाऊ द्या, मी अडवत नाही. एक लक्षात ठेवा, मी सांगतेय तो माझा काळ, आताच्या फी आणि प्रवेशाचं तिथं जाऊनच विचारा. शिकवणं इंग्रजीतून असतं. पहिले सहा महिने मला जड गेले होते, मराठी शाळेतून आलेल्या मुलीला जातीलच. गुजराती मात्र महिन्याभरात आपोआप येतं.

आणि होम सायन्सचं नाव काढल्यावर घरात कुणी बशी खाली ठेवून "स्वयंपाकाची पदवी" म्हणालं, तर त्यांच्यासमोर फॉर्मवर सही करा. ते झोपायची वाट बघू नका.