‘गांधी’वाल्या रिचर्ड ॲटनबरोंचं आडनाव कुठून आलं? सगळे ॲटनबरो एकमेकांचे नातेवाईक असतात का?

बऱ्याच अंशी हो. असं सगळ्याच इंग्रजी आडनावांबद्दल म्हणता येत नाही.

ॲटनबरो हे नॉटिंगहॅमशायरमधलं, ट्रेंट नदीकाठचं लहानसं गाव. नॉटिंगहॅमला शिकत होतो तेव्हा डर्बीच्या गाडीने जाताना या नावाचं स्टेशन लागायचं. मला वाटायचं, रिचर्डचे भाऊ, निसर्गपटवाले डेव्हिड ॲटनबरो, यांच्या सन्मानार्थ ठेवलं असेल. प्रकार उलटा निघाला. आद्दा किंवा एद्दी नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाचा ‘बुर्ह’, म्हणजे तटबंदीची जागा, असा त्या गावाच्या नावाचा अर्थ.

असं आडनाव चिकटतं ते गाव सोडणाऱ्याला. गावातच राहणाऱ्या सगळ्यांना ॲटनबरो म्हणून ओळख काय पटणार? आपल्या ‘कर’वाल्यांचंही तेच. कुडाळात बसून कुडाळकर म्हणवण्यात अर्थ नाही. 1066 साली फ्रान्सकडून नॉर्मन इंग्लंड जिंकायला आले, त्यानंतरच्या काही शतकांत अशी ओळख बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि आडनाव झाली.

आता नात्याचं. पुरुषांमध्येच असणारं वाय गुणसूत्रही बापाकडूनच मुलाकडे जातं, म्हणून दोन्हींचा मेळ घालता येतो. लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली 40 आडनावांच्या सुमारे 1,700 पुरुषांवर तो घातला. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी. त्यामुळे दोन स्मिथांचं नातं रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकंच. ॲटनबरोंमध्ये मात्र दहातले जवळजवळ नऊ वाय गुणसूत्राच्या एकाच गटाचे, तोही इंग्लंडात क्वचित सापडणारा. (उरलेल्यांत दत्तक मुलं, आईचं आडनाव लावणारे, आणि न बोललेल्या गोष्टी!) पण म्हणून मूळ पुरुष एकच होता असं लगेच म्हणू नका. सुरुवातीला चार-पाच असतील, बाकीच्यांचे वंश मुलगा नसल्याने खुंटले असतील. दुर्मीळ आडनावात असं सहज घडतं.

गंमत म्हणजे ज्या कॉलेजचं पुढे हे लेस्टर विद्यापीठ झालं, त्याचे 1932 ते 1951 प्राचार्य होते फ्रेडरिक ॲटनबरो, रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील. अभ्यासाचा विषय अँग्लो-सॅक्सन राजांचे कायदे. ते स्टेपलफर्डच्या एका बेकरीवाल्याचे चिरंजीव, आणि स्टेपलफर्ड त्या मूळ गावापासून चालत तासाभरावर.