वाचकांचे प्रश्न : पॉलीन केल आणि सुसान सॉन्टॅग

प्रश्न : मी चित्रपट-रसास्वादाचा अभ्यासक्रम करते आहे. पॉलीन केल आणि सुसान सॉन्टॅग या अमेरिकन समीक्षकांचे लेख आम्हांला एकत्र वाचायला दिले आहेत. केल यांचे लेखन गप्पांसारखे वाटते, तर सॉन्टॅग यांचे तत्त्वचिंतनासारखे. दोघींना परस्परविरोधी मानावे का, आणि नव्याने लिहिणाऱ्याने कोणाकडून शिकावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शैलीपुरता विरोध खरा आहे, परंतु दोघींचे भांडण बरेचसे एकाच प्रवृत्तीशी होते. कलाकृतीत जे प्रत्यक्ष दिसते आणि जाणवते ते बाजूला सारून तिच्यामागचा 'खरा अर्थ' उकरत बसणाऱ्या समीक्षेला सॉन्टॅग यांनी १९६४मधील 'अगेन्स्ट इंटरप्रिटेशन' या निबंधात विरोध केला. केल यांनी १९६९ साली 'ट्रॅश, आर्ट अँड द मूव्हीज'मध्ये अभिरुचीच्या सोवळेपणावर हल्ला चढवला, आणि बाजारू चित्रपटातला आनंद ज्याला घेता येत नाही त्याने चित्रपटांत रस घ्यावाच कशाला, असा सवाल केला.

दोघींमधला महत्त्वाचा फरक मला पहिल्या प्रतिसादाचे पुढे काय होते, यात दिसतो. केल सहसा चित्रपट एकदाच पाहत आणि त्या अनुभवाची धग उतरण्याआधी लिहीत. १९६७ साली 'बॉनी अँड क्लाइड' या दरोडेखोर जोडप्यावरील हिंसक चित्रपटावर टीका होत असताना त्यांनी 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात दीर्घ लेख लिहून त्याची बाजू घेतली. त्यांच्याच रांगेतली एक प्रेक्षक सोबतच्यांना 'हा विनोदी चित्रपट आहे' असे आनंदाने सांगत होती आणि काही वेळाने गप्प झाली, एवढी एक नोंद त्या लेखात चित्रपटाच्या परिणामाविषयी पानभर विवेचनापेक्षा अधिक सांगून जाते.

सॉन्टॅग मात्र स्वतःच्या मताकडे परत जातात. १९६५च्या 'ऑन स्टाइल'मध्ये जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांच्या नाझी काळातील चित्रपटांना श्रेष्ठ कलाकृती म्हणणाऱ्या याच लेखिकेने १९७५ साली 'फॅसिनेटिंग फॅसिझम'मध्ये त्या सौंदर्यदृष्टीचे फॅसिझमशी असलेले नाते निर्दयपणे उलगडले. 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) मध्ये त्यांनी मांडले होते की, यातनांची छायाचित्रे वारंवार पाहून मन बधिर होते. २००३च्या 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स'मध्ये त्यांनी आपल्याच या विधानाची फेरतपासणी केली. हे धैर्य मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठे वाटते.

तरीही चित्रपटावर लिहायचे असेल, तर आरंभ केल यांच्यापासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवशिक्या समीक्षकाला सिद्धान्त लवकर सापडतात; पडद्यावरच्या चेहऱ्याचे, लयीचे, प्रेक्षागृहातल्या अस्वस्थतेचे नेमके वर्णन करणे मात्र फार उशिरा जमते. एकदाच पाहण्याचा त्यांचा नियम तेवढा उचलू नये, कारण तो त्यांच्या विलक्षण स्मरणशक्तीला आणि आत्मविश्वासाला पेलला. 'बॉनी अँड क्लाइड'वरील लेख आधी वाचावा, मग सॉन्टॅग यांचे १९६५ आणि १९७५चे निबंध सलग वाचावेत, आणि दहा वर्षांत त्यांचा कोणता युक्तिवाद टिकला व कोणता त्यांनी सोडून दिला, याची टिपणे काढावीत.