बाहुली तपासताना: टॉर्च लावायच्या आधी

भावा, एडिंजर-वेस्टफाल वगैरे मेंदूतल्या केंद्रांची नावं घोकत बसू नकोस, ती आपोआप बसतील. आधी रस्ता पक्का कर. उजेडाची बातमी दुसऱ्या नर्व्हनं (नजरेची नस) मध्यमेंदूत जाते आणि तिथनं तिसऱ्या नर्व्हवाटे (बाहुली आकसवणारी नस) हुकूम दोन्ही डोळ्यांना सुटतो. म्हणून टॉर्च उजव्या डोळ्यावर मारला तरी डावी बाहुलीही आकसते. नवीन पोरं हमखास ही डावीच बघायची विसरतात.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पोस्टिंग लागलं की एवढं सांभाळ:

- खोलीत लख्ख उजेड नको. बाहुली आधीच बारीक असली तर काय डोंबल दिसणार? पडदा ओढ.
- पेशंटला लांब भिंतीकडं बघायला सांग. जवळ बघितलं की बाहुली तशीही आकसते, मग टॉर्च खालून, बाजूनं आण.
- डोळ्यात थेंब घातलेत का, ते आधी विचार.

आपल्याकडं बुबुळ गडद तपकिरी, बाहुलीची कड पटकन दिसत नाही. घाई करू नको.

टॉर्च एका डोळ्यावरनं दुसऱ्यावर नेताना प्रत्येकावर दोन-तीन सेकंद थांब. उजेड पडूनही बाहुली पसरायला लागली, तर त्या डोळ्याकडनं बातमीच कमी जातेय. सरळ मॅडमना हाक मार. हॉर्नर, एडी हे बाहुली बिघडवणारे दुसरे आजार नंतर बघू.