विंडोज हलकी करताय? आधी मोजा, मग कापा

कापाकापीला हात घालण्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोजच्या सेटिंग्ज मागे नेण्याची खूण) घ्या आणि महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मशीन सुरू होऊन बराच वेळ झाला तरी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवरच असेल, तर सर्व्हिसेस (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) बंद करून फारसं हाती लागणार नाही. तिथे एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) लावणं हाच खरा इलाज.

रॅम भरलेली दिसली तर टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीपासून सुरुवात करा. चॅट, गेम लाँचर, अपडेटर बिनधास्त बंद करा. अँटिव्हायरस आणि टचपॅडचं सॉफ्टवेअर राहू द्या.

सर्व्हिसेसमध्ये एका वेळी एकच बदला, रीस्टार्ट करा, दिवसभर वापरून बघा. दहा एकदम बंद केल्या आणि प्रिंटर रुसला, तर दोषी कोण ते कळायचं नाही (बहुधा प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस). शक्यतो 'डिसेबल्ड'ऐवजी 'मॅन्युअल' ठेवा, म्हणजे गरज पडली तर ती सर्व्हिस सुरू होऊ शकते.

पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) शून्य करू नका. तसं केलं तर रॅम मोकळी दिसत असतानाही प्रोग्रॅम धडाधड बंद पडू शकतात, कारण प्रोग्रॅमने मागितलेल्या मेमरीची हमी विंडोज रॅम आणि पेजफाइल मिळून देते. विनएसएक्सएस (WinSxS) हे विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सचं फोल्डरही हाताने उडवू नका. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक (एकाच फाइलची दुसऱ्या ठिकाणची नोंद) असतात, म्हणून एक्सप्लोररमध्ये त्याचा आकार फुगलेला दिसतो. जागा हवीच असेल तर डिस्क क्लीनअपमधलं 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' चालवा. रेजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरच्या वाटेला तर जाऊच नका. वेग वाढत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो.