सायकॉलॉजीसाठी कर्ज काढाच, पण पहिल्या पायरीवर नको

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. तुम्ही साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय ४९, लेकीला बारावीला ८४ टक्के, पुण्यातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत चार वर्षांच्या सायकॉलॉजी ऑनर्सला नंबर लागलाय, फी वर्षाला सव्वातीन लाख आणि हॉस्टेल-मेसचे दीड, म्हणजे सगळे मिळून १९ लाख. त्यातले ५ एफडी मोडून आणि १४ लाख लोन, ११ टक्क्यांनी, त्यासाठी बँक घराचे कागद मागतेय. मिस्टर म्हणतात कॉमर्स घे, पोरगी हटून बसलीय, आणि तुमचं मधल्यामधे सँडविच झालंय.

मिस्टरांना सांगा, विषयात काही खोट नाही. खोट आहे ती कर्ज कुठल्या टप्प्यावर काढायचं त्यात.

आकडे मांडूया. १४ लाख एकदम मिळत नाहीत, दरवर्षी साडेतीन लाख मिळणार, पण व्याज त्या दिवसापासूनच सुरू. कोर्सची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही म्हणून लोकांना वाटतं ही पाच वर्षं फुकट, तसं नसतं हो, साधं व्याज धरलं तरी त्या काळात ५ लाख ३९ हजार चढतात. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर १९.३९ लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण २६,७००, एकूण ३२ लाखांच्या वर. पंधरा वर्षं केली तर हप्ता २२ हजारावर येतो पण एकूण भरणा ३९ लाखांच्या पुढे जातो. आणि हा पहिला हप्ता येईल तेव्हा तुम्ही ५४ च्या, रिटायरमेंटला चार वर्षं. सहकर्जदार तुम्हीच आहात हे विसरू नका.

आता कमाई. ॲडमिशन काउंटरवर त्यांनी ६ लाखांचं पॅकेज सांगितलं म्हणता, तर त्यांना एकच विचारा, फक्त सायकॉलॉजीच्या बॅचचा मधला पगार (म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, आणि तो लेखी द्या. एमबीएची मुलं मिसळून काढलेला ॲव्हरेज आपल्या कामाचा नाही. मी अशा केसमध्ये नुसत्या बीएवर एचआर, एनजीओ, शाळा अशा कामात हातात २०-२५ हजार धरून चालते. म्हणजे हप्ताच पगारापेक्षा मोठा. माझा हिशोब असा की हप्ता हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर जायला नको, म्हणजे तिला ८० हजार मिळायला हवेत, तेही बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय ना? ते नुसत्या बीएवर होताच येत नाही, त्याला १९९२ च्या कायद्याने आलेल्या आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. आतापर्यंत रस्ता एमए आणि मग दोन वर्षांचं एम.फिल. असा होता, पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद करायचं ठरवलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी मुदत वाढवून दिली, आणि आरसीआयने नवे क्लिनिकल कोर्स आणलेत. ब्रोशरवर ‘क्लिनिकल’ शब्द छापला म्हणून मान्यता असते असं नाही, पैसे भरण्याआधी आरसीआयच्या साइटवर कॉलेजचं नाव आणि कोर्सचं नाव दोन्ही तपासा. कोर्स यादीत निघाला तर मला परत लिहा, मग माझं गणित थोडं बदलेल.

प्रॅक्टिस काढली तरी सुरुवातीला रोज दहा पेशंट येत नाहीत. हजार रुपयांचं सेशन, आठवड्याला आठ, महिन्याचे ३२ हजार, त्यातून खोलीचं भाडं आणि सुपरव्हिजनचे, म्हणजे सीनियरकडून आपल्या केसेस तपासून घेण्याचे, पैसे जाणार. त्यातून २६,७०० कसे काढायचे सांगा बरं.

मी काय करेन? बीए पुण्यातच, पण अनुदानित कॉलेजात, फर्ग्युसन, एस.पी. असे पर्याय आहेत, राहणं-जेवण धरून वर्षाला दीड लाखाच्या आसपास बसवायचं. ते ५ लाख आणि थोडा पगार यात चार वर्षं निघतात, घराचे कागद कपाटातच राहतात. शिवाय तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, विषय नाही आवडला तर नुकसान लाखांत नाही. (स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला घाबरून सोडणारी मुलं बघितलीत मी, सायकॉलॉजीत आकडेमोड असते हे बऱ्याच जणांना ॲडमिशननंतर कळतं.) जमलं तर महिना १० हजाराची आरडी लावा, चार वर्षांत साडेपाच लाखांच्या जवळ जातील, एवढ्या कमी काळासाठी शेअरबाजारात नको. आणि मग मास्टर्स आणि नोंदणीवाल्या कोर्सला पैसे कमी पडले तर तेव्हा ४-५ लाखांचं लोन खुशाल घ्या, तेव्हा कमाई दोन पावलांवर असते. साडेसात लाखांपर्यंत सरकारी गॅरंटी योजनेत तारण लागत नाही.

पीएम विद्यालक्ष्मीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या एज्युकेशन लोन योजनेचं विचारलंत, त्यातली ३ टक्के व्याजसवलत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तरच, तुमचं एकटीचंच वर जातं. एज्युकेशन लोनच्या व्याजावरची टॅक्समधली वजावट आठ वर्षं मिळते पण जुन्या टॅक्स रिजीममध्येच. आणि जाऊबाई म्हणतात तसं डिस्टन्सने करायचं तर तोही दरवाजा बंद, यूजीसीने २०२५ पासून सायकॉलॉजीला ऑनलाइन आणि डिस्टन्स प्रवेश थांबवलेत.

राहिले ते तुम्ही आधीच भरलेले सीट बुकिंगचे ५० हजार. ते गेले म्हणून पुढचे १९ लाख घालायचे नसतात, आणि गेलेतच असंही नाही. यूजीसीचा फी परताव्याचा नियम आहे, त्यात तारखा ठरलेल्या असतात, यंदाची तारीख बघा आणि ॲडमिशन रद्द करायचा अर्ज ईमेलनेच करा, फोनवर बोलून सोडू नका, पोच आली की मलाही पाठवा.