आजोबांना लढाईचं विचारू नकोस

प्रिय पोरी,

तुझ्या सुतार आजोबांवर, आबांवर, तू लिहिलेली चौदा पानं वाचली. एकदा चहा घेताना आणि एकदा लाल पेन हातात धरून. मास्तरकी सुटली तरी पेन सुटत नाही. राग मानू नकोस, पण पहिली अकरा पानं लढाईची आहेत आणि त्यांत तुझे आबा कुठेच नाहीत. १९६५ आहे, १९७१ आहे, ढाका आहे, त्र्याण्णव हजार कैदी आहेत. हे शाळेच्या पुस्तकात कुणालाही सापडेल. बाराव्या पानावर मात्र एक ओळ आहे, की आबा वाकडा झालेला खिळा आजही फेकत नाहीत, दगडावर ठेवून सरळ करतात आणि बिस्किटाच्या डब्यात टाकतात. तिथे मी पेन खाली ठेवलं. तुझं लिखाण तिथून सुरू होतंय. आधीची अकरा पानं बाजूला ठेव. फाडू नकोस, पण ठेव.

मी हीच चूक केली होती, म्हणून हक्कानं सांगतो.

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, पाटण खोऱ्यातले सुतार. १९४१ साली खडकीला जाऊन बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्यासाठी पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीत, भरती झाले. त्या पलटणीला सुतार, लोहार, गवंडी लागतच. बंदुकीइतकीच करवतही तिथे चालायची. पुढे ब्रह्मदेशात गेले, १९४६ ला घरी आले आणि ओसरीवर परत रंधा मारायला बसले. लढाईबद्दल त्यांनी आयुष्यात मोजून चार-पाच वाक्यं सांगितली असतील. त्यातलं एक होतं, "कलेव्याला आम्ही लाकूड कापलं."

मी वाचणारा माणूस. कलेवा म्हटल्यावर मला ब्रह्मदेशातल्या चिंदविन नदीवरचा बेली पूल, म्हणजे लोखंडी पॅनेलं जोडून झटपट उभा करायचा लष्करी पूल, आठवला. १९४४ च्या डिसेंबरात बांधलेला, ११५४ फूट लांब, त्या वेळचा जगातला सगळ्यात लांब बेली पूल. झालं! तात्या गेल्यावर आम्ही त्यांच्या वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढली, तीत मी ठोकून दिलं की आमच्या तात्यांनी हा पूल बांधला. लोकांनी पाठ थोपटली. कुणी फोटोला हार घातला.

मग दोन वर्षांनी खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसातून त्यांच्या नोकरीचा उतारा आला. तात्या त्या भागात पोहोचले १९४५ च्या फेब्रुवारीत. पूल तेव्हा उभा राहून दोन महिने झाले होते. ते करत होते वेगळंच काम. कलेव्याला सैन्यानं आसपासचा साग तोडून नदीतून माल न्यायला शेकडो होड्या बांधल्या, त्या कामावर तात्या होते. पोहता न येणारा माणूस, आणि होड्या बांधत होता! त्यांनी मला खरंच सांगितलं होतं: लाकूड कापलं. मीच त्यात पूल घातला. ती पुस्तिका अजून दोन-चार घरांत आहे. आठवलं की कानशिलं तापतात.

तेव्हा पहिलं सांगणं हे, की आबा बोलतील तेवढंच लिही. त्यांच्या वाक्याला इतिहासाच्या पुस्तकातलं मोठं वाक्य शिवू नकोस.

आणि त्यांना लढाईचं विचारू नकोस. "कसं वाटलं?" तर मुळीच नको. मी विशीत असताना तात्यांना एकदा विचारलं होतं, माणूस मारला का म्हणून. ते उठून गोठ्यात गेले आणि रात्री जेवायलाच आले. त्या एका प्रश्नानं माझी किती वर्षं वाया गेली, ते मला नंतर कळलं. हातात वस्तू दे आणि वस्तूचं विचार. "हा गुण्या (सुताराचं काटकोन बघायचं हत्यार) कुठला?" एवढं पुरे. आबा इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होते ना? मग बेलीचं पॅनेल त्यांनी उचललेलं असणार. दहा फूट लांब, अडीचशे किलोच्या वर, एका पॅनेलला सहा माणसं. आबांना विचार, "सहांत तुम्ही कुठे असायचात? पुढे की मागे? तुमच्या बाजूला कोण?" हे विचारलंस की माणसं येतील, त्यांची गावं येतील, कोण भाकरीला रडायचा ते येईल. पुलावरच्या लाकडी फळ्या कुणी बसवल्या, हेही विचार. सुताराचं लक्ष लोखंडापेक्षा फळ्यांवर जास्त असतं.

तात्यांची लढाई मला दिसली ती घरी, कोयनेच्या भूकंपात. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेले होते. मी तेरा वर्षांचा. आम्ही अंगणात कुडकुडत बसलेलो, आणि शेजारच्या आजी घरातून निघायला तयार नाहीत. त्यांच्या घराची दगडमातीची भिंत हातभर बाहेर झुकलेली. तात्यांनी आरडाओरडा केला नाही. कंदील माझ्या हातात दिला, गोठ्यापुढचे दोन वासे ओढून आणले, भिंतीला एक फळी आडवी लावली आणि वासे तिरके टेकवले. खाली जमिनीत दुसरी फळी, तिच्यावर वाशाचं टोक, आणि मग पाचर. ती पाचर ते मोगरीनं इतक्या हळू मारत होते की मला वाटलं, घाबरलेत. मी म्हटलं, "जोरात मारा की!" तर म्हणाले, "भिंत ढकलायची न्हाई. टेकवायची." मग आत जाऊन आजींना उचलून बाहेर आणलं. दिवस उजाडल्यावर मी विचारलं, हे कुठं शिकलात? "खडकीला." बस, एवढंच. पुढचे सहा-आठ महिने ते खोऱ्यात घरं उभी करत हिंडले आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात तिरका आधार घालत गेले. लोक म्हणायचे, सुतार जास्तीचं लाकूड लावून पैसे काढतो.

बघ, पाच वर्षांची पलटण आणि चाळीस वर्षांची सुतारकी, ही दोन आयुष्यं नव्हती. मला ते वेगळे कप्पे वाटत होते, म्हणून माझी पुस्तिका फसली.

आता कागदांकडे ये. डिस्चार्ज बुक, म्हणजे पलटणीतून सुटताना मिळालेलं नोकरीचं पुस्तक, आधी शोध. देवघरात नसेल तर हत्यारांच्या पेटीत असेल. आमच्याकडे खंडेनवमीला वाकस, पटाशी, रंधा मांडायचे, त्यांच्याशेजारी तात्या ते पुस्तकही ठेवायचे आणि त्यालाही हळदकुंकू वाहायचे. त्यामुळे दुसऱ्या पानावरची भरतीची तारीख पिवळी होऊन गेलीय! पुस्तकावरचा नंबर मिळाला की घरच्या वारसानं रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो. काही अडलं तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. उत्तराला वेळ लागतो, धीर धर.

घराण्यासाठी तहसीलमध्ये गाव नमुना नंबर १४ माग, जन्ममृत्यूची जुनी नोंद असते. त्याला कोतवाल बुकही म्हणतात. जुनं पान मोडीत असेल तर मला पाठव, अजून डोळे चालतात. वयांवर मात्र विश्वास ठेवू नकोस. तात्यांची तीन वयं आहेत. कोतवाल बुकात १९२१, शाळेच्या दाखल्यात १ जून १९२०, पलटणीच्या कागदात १९२३. एक जून तर गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राला वाटलेली तारीख आहे, त्यात आमच्या बिरादरीचा हात आहे हे मान्य. तिन्ही लिही. एक निवडून उरलेल्या दोन लपवू नकोस.

हेळवी अजून तुमच्याकडे येतात का? आमच्या लहानपणी बैल घेऊन यायचे आणि सात-आठ पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचे. त्यात बायकांची नावं फारशी नसायची, तेवढं ध्यानात ठेव.

पणजोबांच्या पिढीतलं कुणी पहिल्या महायुद्धात गेलं होतं का, तेही बघ. कित्येक गावांत चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके गेले, इतके मेले. आकडा आहे, नावं नाहीत. तात्यांचे चुलते "बसऱ्याला", म्हणजे इराकात, गेले होते एवढं घरात माहीत. त्यांचं चांदीचं पदक होतं. त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. आमच्या एका आत्याच्या बारशाला ते पदक आटवून वाळे केले. आज ती पलटण कुठली ते सांगायला जगात काही नाही. आत्या मात्र त्या वाळ्यांवर चालायला शिकली, त्यामुळे कुणाला काय बोलणार?

आबांची हिशोबाची वही. पोरी, हे तू एका ओळीत उरकलंस! "आबांकडे जुनी वही आहे, तिच्यात गिऱ्हाइकांचे हिशोब आहेत." अगं, ती वही म्हणजे तुमचा अख्खा तालुका आहे. पानन् पान मोबाइलवर काढ. पहिल्या पानांवर नांगराचं खोड, कुळवाची दिंड, गाडीचे आरे असतील. आबांच्या वडिलांना हे काम बलुत्यावर होतं, खळ्यावरच्या पेंढ्यांवर. आधी लोखंडी नांगर आले (किर्लोस्करवाडी १९१० ची, म्हणजे ही गोष्ट जुनी), मग गाड्यांना रबरी टायर आले, ट्रॅक्टर आले. आबा पलटणीतून घरी परतले तोवर नांगर करून घेणारं फारसं कुणी उरलंच नसेल. म्हणून ते तालुक्याच्या गावी आले, असा माझा अंदाज. पण अंदाज माझा आहे, लिहू नकोस, विचार. कोणत्या पानावर शेवटचा नांगर आहे, आणि कोणत्या पानावर पहिल्यांदा सनमायका आहे, ते बघ. तेवढ्यावर तुझं एक प्रकरण होईल.

आणि आजी. चौदा पानांत आजी दोनदा येते आणि दोन्ही वेळा चहा करते. आबा सीमेवर असताना मनीऑर्डर कुणी घेतली, दोन पोरांना कुणी वाढवलं, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं? पत्रावर पत्ता नुसता "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ", म्हणजे सैन्याच्या टपाल ऑफिसचा नंबर, असायचा. नवरा कुठे आहे हे बाईला कळायची सोय नव्हती. आजीनं पाकिटं जपली असतील तर क्रमानं लाव. ढोबळमानानं ५६ म्हणजे पश्चिमेकडे, ९९ म्हणजे पूर्वेकडे. नंबर बदलला तो महिना टिपून ठेव. आजीला तो महिना आठवेल, कारण तेव्हा पत्र उशिरा आलं असेल. आणि तिच्याशी बोलताना आबांना जरा बाजारात पाठव.

ढाक्याचं काय करायचं, असं तू विचारशील. आबा तिथे होते का? तुझ्या पानांवरून मला कळलं नाही, आणि तुलाही ठाऊक नसावं. कागद येऊ दे.

दिवाळीत येशील तेव्हा तात्यांचा गुण्या घेऊन जा. शिसवाचा आहे, पितळी पट्टीचा, एक कोपरा थोडा झिजलाय. आबांच्या हातात दे आणि काही बोलू नकोस. ते आधी तो कुठल्या तरी चौकटीला लावून बघतील. मग जे म्हणतील ते जसंच्या तसं, त्यांच्या बोलीत उतरवून मला पाठव. शुद्धलेखन मी बघेन.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
गुरुजी