ग्रुपवर सारख्या मरणाच्या बातम्या, बाबांचा फोन काढून घेऊ का?

हा प्रश्न हल्ली फार येतो आणि विचारणारे बहुतेक मुलगा नाहीतर सून असतात, स्वतः बाबा कधीच नाही. माझं उत्तर, काढून घेऊ नका. का ते एका काकांवरून सांगते, नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्यात.

काका पंचाहत्तरी ओलांडलेले, 1971 चे बीएस्सी, तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. सून त्यांना माझ्याकडं समुपदेशनाला घेऊन आली. म्हणे कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप झाल्यापासून बाबा गप्प गप्प, सिद्धेश्वर तलावावरचं फिरणं बंद, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पुण्या-मुंबईचे क्लासमेट येणार, त्यांचं गेट-टुगेदर आहे तर हे नाहीच म्हणतायत.

सुनेला बाहेर बसवलं आणि काकांनाच विचारलं. म्हणाले, "मरायचं वयच आहे की ओ आमचं, त्याचं काय एवढं! पण माणूस गेला की धा मिनिटांत पन्नास जण हात जोडतेत, अन् त्याच्याखालीच कुणाचंतरी गुड मॉर्निंगचं गुलाब. लॅबमधला पार्टनर होता ओ माझा, एका ब्युरेटवर टायट्रेशन केलेलं आम्ही, अन् मीपण हात जोडून मोकळा."

म्हणजे त्रास बातमीचा कमी, ती ऐकून बोलायला कुणी नाही ह्याचा जास्त. पूर्वी माणूस गेला की घरी जाऊन बसायचे, दहाव्याला जायचे, आता मित्र गेला नाशिकला आणि काका इथं होटगी रोडवर फोन हातात धरून एकटेच. त्यांना म्हटलं मित्राच्या बायकोला, वहिनींना फोन करा. तर "काय बोलू?" सांत्वन वगैरे राहू दे, ब्युरेटचा किस्सा सांगा म्हटलं. केला एकदाचा फोन, बराच वेळ बोलले दोघं. मग तोच किस्सा व्हॉइस टायपिंगनं ग्रुपवर टाकला, खाली बाकीच्यांनी आपापले टाकले, आणि ॲडमिननं नियमच केला की कुणी गेलं तर त्या दिवशी फॉरवर्ड बंद, फक्त आठवणी. (असले ॲडमिन दुर्मिळ बरं का!) रात्री ग्रुप म्यूट आणि सकाळी चहा-नाष्टा झाल्यावरच उघडायचा, हे घरी ठरलं.

तरी गेट-टुगेदरला नाहीच. घरच्यांना वाटत होतं ते दुःखामुळं, मला पण तसंच दिसत होतं, पण खोदून विचारल्यावर बऱ्याच वेळानं निघालं, "हॉलमध्ये काय कळत नाही ओ, सगळे हसले की मी हसतो." उतारवयात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, स, त, फ असली अक्षरं निसटतात, त्यामुळं माणूस बोलतोय हे ऐकू येतं पण काय बोलतोय ते लागत नाही, आणि गोंगाटात तर अजिबातच नाही. मग माणूस लोकांत जाणं टाळतो आणि घरचे म्हणतात खचलेत. सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी झाली, मशीन लागलं. त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात, पहिल्याच दिवशी ते कपाटात टाकू नका.

शिवाय काकांनीच ग्रुपवर सुचवलं की हॉल आणि माईक नको, मंगळवेढ्याकडं एकाचं शेत आहे तिथं हुरडा करू, चार-पाच जणांचे घोळके करून समोरासमोर बसू. गेले. हुरड्यापेक्षा शेंगा चटणीच जास्त खाल्ली म्हणे, सुनेनं दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पोटाची तक्रार केली, तिला म्हटलं ह्यासाठी डॉक्टर वेगळे.

पण सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलंय, वजन उतरतंय, आवडीच्या गोष्टीत मन नाही, किंवा "आता माझा नंबर कधी" असं सारखं तोंडात येतंय, तर वयच झालंय म्हणून सोडून देऊ नका, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.